कितीदा धुतली

"उद्या सुनेला उपाशीपोटी घेऊन या, पिशवी परत एकदा धुऊन टाकू," असं पलूसचे डॉक्टर म्हणाले आणि शिवांजली खुर्चीवरून उठली.

"आधी कलर डॉपलरची सोनोग्राफी करू," ती म्हणाली. "त्याशिवाय तिला कुणी हात लावायचा नाही. आणि ते इथं नको."

"इथं का नको?"

"नको."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. उभा जन्म त्या भागातल्या बायकांच्या गर्भपिशव्या धुण्यात गेला होता त्यांचा, आणि त्यांच्यासमोर उभं राहून असं कुणी बोललं नव्हतं. शिवांजलीचे वडील, तात्या, टोपी हातात घेऊन दाराशी उभे होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडीत बसल्यावर ते एवढंच म्हणाले, "सगळीच डाक्टर चोर नसत्यात, पोरी."

"मी चोर म्हटलं नाही, तात्या."

"मग काय म्हटलंस?"

मागच्या भाद्रपदात शिवांजलीची आई, राहीबाई, एका लहानशा दवाखान्यात पिशवी काढायला म्हणून आपल्या पायांनी चालत गेली होती आणि घरी आली ती पांढऱ्या चादरीत. किती दिवस अंगावरून जात होतं, हे तिनं लेकीला कधी कळू दिलं नाही. वय झालं की व्हायचंच, असं शेजारणीला म्हणायची. शिवांजली साताऱ्याच्या कॉलेजात मराठी शिकवते. त्या दिवशी ती चाचणीच्या पेपरावर होती. ती येऊन पोचली तेव्हा शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "आत रक्तवाहिन्यांचं नुसतं जाळं होतं हो. हात लावू तिथून रक्त."

त्या वाक्यापाशी ती अजून उभी होती. जाळं होतं तर आधी का दिसलं नाही? दिसलं होतं तर हात का लावला? पूर्वी ती कादंबऱ्या वाचायची, कविता वाचायची. आता औषधाच्या खोक्यातला घडीचा कागदही उलगडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. दूधवाल्यानं दूध घट्ट आहे म्हटलं तरी तिच्या मनात यायचं, हा आपणहून का सांगतोय?

आणि आता प्रांजल. प्रांजल म्हणजे तिची भावजय, धाकट्या पृथ्वीराजची बायको. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पहिल्यांदाच दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात पोट पडलं. पलूसला पिशवी धुतली, मग विश्रांतीला म्हणून ती माहेरी रहिमतपूरला गेली. परत आली ती ओठ पांढरे घेऊन. रक्त चार दिवस थांबायचं, पाचव्या दिवशी पाट फुटल्यासारखं यायचं. पृथ्वीराज फौजेत, दूर उत्तरेला. सासू असती तर हे सगळं सासूनं बघितलं असतं. सासू नव्हती, म्हणून नणंद साताऱ्याहून रजा टाकून आली.

ती प्रांजलला घेऊन मिरजेला गेली. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात रक्ताच्या पिशव्या लावल्या, थोडं बरं वाटल्यावर तिला डॉपलरच्या खोलीत नेलं. तोवर प्रांजलची आई मालन रहिमतपूरहून येऊन दाखल झाली होती. बरोबर तिचा भाऊ भाऊसो, त्याची जीप, आणि जेवणाचा चार कप्प्यांचा डबा.

डॉक्टर इंद्रजित चाळिशीचे असतील. बोलताना मध्येच थांबायचे आणि पडद्याकडं बघत बसायचे, जसं काही समोरचं माणूस निघून गेलंय. आधी पडद्यावर सगळं करडं होतं. त्यांनी एक बटण दाबलं आणि त्या करड्यात एका कोपऱ्यात लाल, निळं, पिवळं असं काहीतरी उकळायला लागलं.

शिवांजलीला पहिल्यांदा वाटलं ते हे, की रंग कुणीही भरू शकतं.

"हे रंग खरे असतात का?" तिनं विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "रंग मशीन भरतं. रक्त कुठल्या दिशेला आणि किती जोरात चाललंय त्यावरून. जोर खरा असतो." मग त्यांनी मालनकडं वळून विचारलं, "मावशी, घरी ऊस आहे?"

"हाय की. का?"

"मोटारीच्या लाइनीचं पाणी आधी पाटात येतं, पाटातनं सरीत, सरीतनं मुळाला. जोर कमी कमी होत जातो. उरलंसुरलं चरातनं ओढ्याला. बरोबर?"

"व्हय."

"हिच्या पिशवीच्या भिंतीत लाइन थेट चरात फुटलीय. मध्ये पाट नाही, सरी नाही. सगळा जोर चरावर."

"मग चर ढासळंल."

"ढासळतोय. म्हणून एवढं रक्त. आता त्या जागी कुणी खोरं मारलं तर?"

पदर तोंडाशी धरून मालन पडद्याकडं बघत राहिली.

"पोट पडल्यावर पिशवी कितीदा धुतली?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकदाच," मालन म्हणाली. प्रश्न पुरता व्हायच्या आतच म्हणाली. प्रांजलनं डोळे मिटून घेतले.

डॉक्टर पुन्हा थांबले. "एकदाच धुतली असेल तर आत गर्भाचा तुकडा राहिलेला असू शकतो. त्याच्याभोवतीही वाहिन्या फुगतात आणि चित्र साधारण असंच दिसतं. तसं असेल तर तो तुकडा काढायला पाहिजे. आणि ही नुसती वाहिन्यांची गाठ असेल तर काढायला म्हणून आत गेलो आणि रक्त आवरलं नाही, अशी वेळ येईल. इथल्या बाळंतपणाच्या डॉक्टर मॅडमना वाटतं तुकडा आहे. मला वाटतं गाठ आहे. रक्त आणखी तपासू, मग ठरवू."

"आणि गाठच असेल तर?" शिवांजलीनं विचारलं.

"मांडीच्या सांध्यातून बारीक नळी घालायची, पिशवीच्या रक्तवाहिनीपर्यंत न्यायची आणि औषधाचे कण सोडून लाइन तिथंच बुजवायची. पोट फाडायचं नाही, पिशवी काढायची नाही."

"लाइन बुजवायची," मालन हळूच म्हणाली. "डाक्टरसाहेब, पाणी तोडल्यावर ऊस येतो व्हय?"

डॉक्टर पहिल्यांदाच हसले. "बाजूनं झिरपून येतं, मावशी. पिशवीला पाणी एका लाइनीचं नसतं. यानंतर मुलं झालेल्या बायका आहेत. पण लेकीला होईलच अशी हमी मी देत नाही."

हमी देत नाही, एवढंच मालननं उचललं.

व्हरांड्यातल्या बाकावर तिनं डबा उघडला, भाकरीवर पिठलं घालून शिवांजलीच्या हातात दिलं आणि तिचं निम्मं खाऊन होईपर्यंत वाट बघितली.

"ताई, एक इच्यारू?"

"विचारा की."

"पोटाचं दुखणं, आन् नळी घालायची खोली हार्टची. तिथं भाईर पाटी भाऊसोनं वाचली. हार्टच्या खोलीत कशापाय नेत्यात?"

"नळी घालायचं मशीन तिथं असतं, मावशी. हृदयालाही तसंच करतात."

"तुमाला लय म्हायती."

"वाचलं."

"वाचलं," मालन म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं. "आमी काय वाचत न्हाई. आमच्यात पोट पडलं की पिशवी धुत्यात, धा दिस तूप-भात, आन् बाई उभी ऱ्हाती. हितं नवीनच. लाइन बुजवायची म्हणं. पलूसच्या डाक्टरला तुमीच आडवं गेलासा. मिरजंला तुमीच आणलासा. समदं तुमीच."

"तुम्हाला म्हणायचंय काय?"

"म्हणायचं काय असतंय? तुमच्या आईच्या नावावरलं रान. तात्या, पृथ्वीराज आन् तुमी. समद्या लेकी हक्कसोड करत्यात. माझ्या नणंदंनं बाराव्यालाच आंगठा दिला. तुमी आजून केलं न्हाईसा. आन् आता भावाच्या बायकूची पिशवी बुजवाय निघालासा. लोकं काय म्हणत्याली?"

"लोक, की तुम्ही?"

"मी बी लोकांतलीच हाय."

शिवांजलीच्या हातातली भाकरी तशीच राहिली. लेकीनं भावासाठी आपला हिस्सा सोडायचा, ही त्यांच्या भागातली रीतच. तिला ते दीड एकर नको होतंच. पण तलाठ्याकडं गेलं की सातबाऱ्यावर आईच्या नावाला कंस पडणार, नाव कमी होणार. तो कंस वर्षश्राद्धाच्या आत पडू नये, एवढंच तिला वाटत होतं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. सांगितलं असतं तरी कुणाला खरं वाटलं असतं? तिला स्वतःला तरी वाटलं असतं का, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर?

दुपारी पृथ्वीराजचा फोन लागला. आवाज तुटत होता.

"ताई, प्रांजलच्या आईंचा फोन आलता."

"काय म्हणाल्या?"

"काय न्हाई. तू पिशवी बंद करायला लावतीयास म्हणं."

"पिशवी नाही. एक रक्तवाहिनी."

"तेच."

"ते तेच नाही, पृथ्वी. तुला काय वाटतं?"

पलीकडं वारा ऐकू येत होता.

"मी हितनं काय सांगू? तू म्हणशील ते. पर… तू कशाला एवढं मनावर घेतलंयस, ते मला कळंना."

तिनं फोन ठेवला. हाच भाऊ लहानपणी ताप आला की आईला सोडून हिच्या कुशीत येऊन झोपायचा. आता तो विचारत होता, कशाला. आणि वाईट हे, की तिला त्याचा रागही धड येईना. तीसुद्धा प्रत्येकाला मनातल्या मनात हेच विचारत होती. डॉक्टर इंद्रजितला नळी घालायची एवढी घाई का? सकाळपासून तिनं फोनवर वाचून काढलं होतं, की अशा कितीतरी गाठी काही महिन्यांत आपोआप विरून जातात. मग हे त्यांनी आपणहून का सांगितलं नाही?

ती उठून त्यांच्या खोलीत गेली आणि विचारलं.

"खरं आहे," ते म्हणाले. "बऱ्याच विरतात. रक्त थोडं असतं तर मीच म्हटलं असतं, घरी जा, महिन्यानं दाखवा. हिचं रक्त बघितलंत ना तुम्ही? तेवढा वेळ आपल्याकडं नाही."

"हे सकाळी का नाही सांगितलंत?"

त्यांनी थोडा विचार केला. "सांगायला हवं होतं. मावशींना ते ऐकून घरी जावंसं वाटेल, अशी भीती वाटली मला."

म्हणजे हाही हातचं राखून बोलतो, तिला वाटलं. पण विचारल्यावर नाकारत नाही. या दोन गोष्टींतली कुठली मोजायची, ते तिला ठरवता येईना.

संध्याकाळच्या आधी प्रांजलला बाथरूमला न्यायचं होतं. मालन भाऊसोबरोबर चहाला गेली होती. शिवांजलीनं तिला दंडाला धरून उठवलं. दार लावल्यावर प्रांजल भिंतीला टेकून उभी राहिली आणि रडायला लागली.

"वन्सं, कुणाला सांगू नगा."

"काय?"

"आधी शपथ घ्या. सासूबाईंची घ्या."

आईचं नाव निघाल्यावर शिवांजलीनं नुसती मान हलवली.

"घ्या की."

"घेतली."

"दोनदा धुतलीय. माहेरी गेल्यावर रक्त थांबंना, म्हणून आईनं दुसऱ्या एका डॉक्टरकडं नेलं. त्यांनी परत धुतली. त्येच्यानंतरच हे असं धो धो सुरू झालं. आई म्हणली, सासरी कळलं तर म्हणतील, पोरीच्या पिशवीतच खोट हाय, आमच्या गळ्यात बांधली. म्हणून गप बस म्हणली."

"सोनोग्राफी केली होती त्यांनी, आधी?"

प्रांजलनं नाही म्हणून मान हलवली. "वन्सं, मी मरतीय का?"

"नाही."

"तुमी तर कुणाचंच खरं मानत न्हाईसा. मग हे कशावरनं म्हणताय?"

या पोरीनं नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. शिवांजली तिचे पाय पुसत राहिली. आई अशीच कुणाला तरी, शेजारणीला नाहीतर देवळातल्या बाईला, कुणाला सांगू नको म्हणाली असेल. आणि त्या बाईनं शपथ पाळली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास प्रांजलला पुन्हा धार लागली. गादी भिजली. नर्स पळाल्या, नवीन रक्त चढवलं, कसंबसं कमी झालं. तपासणीचे आकडे आले होते, पण त्यांनीही निकाल लागत नव्हता. बाळंतपणाच्या मॅडम म्हणाल्या, आत तुकडा असणारच, काढू. डॉक्टर इंद्रजित म्हणाले, एकदा पुन्हा नीट विचारूया. या सगळ्यात मालननं भाऊसोला जीप दाराशी लावायला सांगितली.

"मी माझ्या लेकीला घिऊन चाललीय," ती वॉर्डाच्या दारात उभी राहून म्हणाली. "हितं ह्यांचंच दोघांचं जमंना. त्या बाईसायब म्हणत्यात धुवायची, मग ते तर आमच्याकडं बी हुतंय."

"मावशी, रस्त्यातच काही झालं तर?"

"तुमी बोलू नगा!" मालनचा आवाज चढला. शेजारच्या खाटेवरची कर्नाटकातली म्हातारी उठून बसली. "तुमी बोलला की मला वाटतंय, ह्येच्यात बी कायतर आसंल. आदी हक्कसोड लिवून द्या, मग आमाला श्यानपन शिकवा!"

"देते," शिवांजली म्हणाली.

मालन थबकली.

"आत्ता देते. भाऊसोमामांना कागद आणायला सांगा. पण मावशी, मी आज एवढ्या चटकन दिलं, तर उद्या तुमच्याच मनात येईल, की हिनं एवढ्या चटकन का दिलं? काय झाकायचं होतं हिला?"

मालनचं तोंड उघडं राहिलं. तिच्या मनात ते तेव्हाच आलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

भाऊसो मागून म्हणाला, "आक्के, त्यातबी तथ्य हाय."

"तू गप रं! तू गाडीवाला हाईस, वकील न्हाईस."

शिवांजलीला वाटलं, चार शब्द बोलावेत. हिची पिशवी दोनदा धुतलीय. एवढंच. शपथ मोडायला तेवढेच लागतात. पण तिच्या तोंडून निघाले की ते चार शब्दही डाव ठरणार, मालन नाही म्हणणार, प्रांजल आईच्या भीतीनं नाही म्हणणार, आणि खरी गोष्ट खोटी पडून बसणार. इथं जे खरं होतं ते मालनच्याच तोंडून यायला हवं होतं. आणि मालनवर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

"मी बाजूला होते," ती म्हणाली. "मी खाली जाऊन बसते. तुम्ही एकट्या डॉक्टरांच्या खोलीत जा. मी बरोबर येत नाही, दाराशीही थांबत नाही. माझं एक वाक्यही ऐकू नका. त्यांनी जे विचारलं होतं तेच पुन्हा विचारतील. त्याचं उत्तर तेवढं खरं द्या. मग लेकीला न्यायची तर न्या. मी जीपला आडवी येणार नाही."

"काय खरं?" मालन म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता.

"ते तुमचं तुम्हाला माहीत."

मालनची नजर क्षणभर प्रांजलच्या खाटेकडं गेली आणि परत आली. मग ती वळली, आणि पदर खोचून डॉक्टरांच्या खोलीकडं चालू लागली.

शिवांजली खाली औषधाच्या दुकानासमोरच्या पायरीवर येऊन बसली. तिथून जीप दिसत होती. भाऊसो चाकाला लाथ मारून हवा बघत होता. तिनं मनाशी ठरवलं, जीप सुरू झाली की शपथ मोडायची, चाकासमोर उभं राहून ओरडून मोडायची, मग आईचा आत्मा काय म्हणायचं ते म्हणो. ती जिन्याकडं बघत राहिली. एकटी सोडली, हे चुकलं, असं तिला वाटलं. मालन आत जाऊन म्हणाली असेल, एकदाच. डॉक्टर हो म्हणाले असतील. कुणी धुवायची तयारी चालवली असेल. जिन्यावरून कुणी उतरलं की ती अर्धी उठत होती. एक बाई उतरली, रडत होती. दुसऱ्याच कुणाचं तरी होतं.

मग नर्स आली. "सातारच्या मॅडम तुम्हीच ना? वर बोलावलंय."

डॉक्टर इंद्रजित प्रांजलच्या खाटेशी उभे होते. मालन पायथ्याशी, भिंतीकडं तोंड करून. बाळंतपणाच्या मॅडमही होत्या आणि त्यांच्या कपाळावर आठी होती, पण त्यांची हरकत नव्हती.

"दोनदा धुतलीय," डॉक्टर म्हणाले. "दुसऱ्यांदा धुऊनही वाढलं, म्हणजे तुकडा उरला असण्याची शक्यता फार कमी. आम्हा दोघांचं आता एकमत आहे. आजच नळी घालू."

नर्सनं संमतीचा कागद मालनसमोर धरला. मालननं तो शिवांजलीकडं सरकवला. शिवांजलीनं तो डॉक्टरांना परत दिला.

"हिला द्या," ती म्हणाली. "कालपासून आपण सगळे हिच्या डोक्यावरून बोलतोय."

प्रांजलनं उशीवरून मान वळवली. "मला मूल हुईल का?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

"बहुतेक होईल. हमी नाही."

"आन् जगंन का?"

"हे केलं तर मला तसं वाटतं. नाही केलं तर मला भीती वाटते."

तिनं सलाइनच्या हातानंच सही केली. वाकडी आली. "आता वाचता येतीय का बघा," ती म्हणाली, "न्हाईतर वन्सं म्हणतील, कुणी दुसऱ्यानंच केलीय."

मालनला हसू फुटलं आणि लगेच रडू.

प्रांजलला आत नेल्यावर डॉक्टर एक्स-रेपासून वाचवणारा शिशाचा जड अंगरखा चढवत होते. शिवांजली त्यांच्या वाटेत उभी राहिली. वेळ बरी नव्हती, तिला कळत होतं.

"माझी आई पिशवी काढताना गेली. तिथले डॉक्टर म्हणाले, आत रक्तवाहिन्यांचं जाळं होतं. तिलाही हेच होतं का?"

"डॉपलर होतं तिचं? काढलेली पिशवी तपासली होती?"

"काहीच नाही."

ते थांबले. नेहमीसारखं थांबणं नव्हतं ते.

"मग मला सांगता येत नाही," ते म्हणाले. "असूही शकेल. गाठी असतील, दुसरंही काही असेल. मी तिथं नव्हतो. हो म्हटलं तर तुम्हाला बरं वाटेल की वाईट, तेही मला माहीत नाही. पण मला माहीत नाही, हे खरं आहे."

त्या भाद्रपदापासून ती किती जणांना हे विचारत आली होती. प्रत्येकाकडं उत्तर होतं. वय झालं होतं, नशीब होतं, डॉक्टर कसाई होता, तिनं आधी सांगायला हवं होतं. माहीत नाही, असं कुणीच म्हटलं नव्हतं. ती वाटेतून बाजूला झाली.

हार्टच्या खोलीच्या बाहेर बाकावर मालन येऊन बसली. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा ठेवून.

"सांगितलं मी त्यास्नी," ती म्हणाली.

"कळलं."

"तुमाला आदीच ठावं हुतं. पोरीनं सांगितलं व्हय?"

शिवांजलीनं बंद दाराकडं बघितलं.

"शपथ घातली आसंल. लहानपणापास्नं तिला ती खोड हाय." मालन पदराचा काठ बोटाभोवती गुंडाळत होती. "मला वाटलं, धुतली की थांबंल. मला धुतल्यावर थांबलं हुतं. माझ्या आईला थांबलं हुतं. मी काय वैर केलं का तिच्याशी?"

"नाही, मावशी."

"मग रक्त का वाढलं? मीच ना त्या चरात खोरं मारलं?"

शिवांजलीला सांगता आलं असतं, की तुम्ही नाही, त्या डॉक्टरनं. किंवा तुमची चूक नव्हतीच. दोन्ही वाक्यं तयार होती, आणि दोन्ही तिला अर्धवट वाटली.

"बघितल्याशिवाय धुवायला नको होती," ती म्हणाली. "पण ते तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

मालन नाक ओढून म्हणाली, "बोलताय तर निवडून निवडून. दगडातनं तांदूळ निवडल्यावानी."

"तांदळातनं दगड, मावशी."

"तेच वो."

दार उघडलं तेव्हा डॉक्टर घामानं भिजले होते. दोन्ही बाजूंनी वाहिन्या होत्या, डावीकडची मोठी होती, वेळ लागला, पण बुजली, असं म्हणाले. मग लगेच म्हणाले, की आजचा दिवस पोटात फार दुखेल, ताप येईल, पाय हलवायचा नाही. थोडा डाग चालू राहील, तो चालेल. धार लागली तर लगेच बोलवायचं. महिन्यानं पुन्हा डॉपलर. आणि पुढं कधीही, कुठल्याही दवाखान्यात, चित्र बघितल्याशिवाय पिशवीला हात लावू द्यायचा नाही.

"मी ऱ्हाती उभी दारात," मालन म्हणाली. "बघती कोण हात लावतंय."

प्रांजल दिवसभर कण्हत होती. इंजेक्शन दिलं की तासभर गप्प व्हायची. मालन खाटेच्या एका बाजूला, शिवांजली दुसऱ्या बाजूला. नर्स सलाइन बदलायला आली की दोघी एकदम मान वर करायच्या आणि बाटलीवरचं नाव वाचायच्या. मालनला वाचता येत नव्हतं, तरी ती वाचायची. भाऊसो दारातून म्हणाला, "पोलीस चौकीत एवढी उलटतपासणी नसती." त्याला दोघींनीही बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रांजलला पाय हलवायची परवानगी मिळाली. नर्स पॅड बदलायला आली तेव्हा दोघी पडद्याच्या आत घुसल्या.

"दोघी बी भाईर जावा," प्रांजल म्हणाली. "माझं मी बघती. किती जणींनी बघायचं?"

त्या बाहेर आल्या. पडद्याच्या आत कापडाची खसखस झाली. पाण्याचा मग खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"थांबलंय," आतून प्रांजल म्हणाली.

मालन जागची हलली नाही. शिवांजलीही नाही.

"नीट बघितलंस का गं?" मालननं विचारलं.

"बघितलं."

"उजेडात?"

मालन शिवांजलीकडं वळली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"ताई, तुमी बघून या. ती मला बरं वाटावं म्हणून म्हणंल, आन् नर्सचं काय, तिला पुढच्या खाटंवर जायचं आसतंय. तुमी बघा."

"तुम्हीच बघा ना, मावशी. आई तुम्ही."

"म्हणूनच न्हाई. मला जे बघायचंय तेच मला दिसंल."

शिवांजली पडदा सारून आत गेली. प्रांजलनं कपाळाला हात लावला, पण काही म्हणाली नाही. शिवांजलीनं खिडकीचा पडदा बाजूला केला आणि उजेडात बघितलं. दोनदा बघितलं. मग बाहेर आली.

"पूर्ण थांबलं नाही," ती म्हणाली. "डाग आहे. बारीक, रुपयाएवढा. ताजं लाल नाही, तपकिरी आहे."

मालन भिंतीला टेकून खाली बसली.

"मग ठीक हाय," ती म्हणाली. "डाक्टर म्हणलंच हुतं, डाग ऱ्हाईल."